‘आज तुम्हाला किती खाली वाटत आहे?’ : मनःस्वास्थ्याच्या एका ॲपचे चौदा आठवड्यांचे परीक्षण

आमच्या बँकेने या वर्षी कर्मचाऱ्यांच्या गटविम्याबरोबर मनःस्वास्थ्याच्या एका ॲपचे वार्षिक सदस्यत्व घेतले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तसे परिपत्रक सर्व शाखांना आले. आलेली परिपत्रके सह्या घेऊन फाइलला लावण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे मी ते वाचले. एरवी वाचले असते असे वाटत नाही. गेल्या डिसेंबरात वडील गेले आणि तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येण्याचे जे लागले ते सहा महिने उलटले तरी सुटले नव्हते. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळे तपासून घेतले, सगळे ठीक निघाले, आणि ‘कोणाशी तरी बोलत जा’ एवढे सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले. कोणाशी बोलायचे हे ठरत नव्हते, तेवढ्यात हे परिपत्रक आले. १४ जुलैला मी ॲप फोनमध्ये घेतले आणि दिवाळीपर्यंत, म्हणजे साधारण चौदा आठवडे, ते वापरले.

ॲपचे नाव मी देत नाही. ते बँकेमार्फत मिळालेले आहे आणि ज्या खोडी मी सांगणार आहे त्यांतल्या बऱ्याचशा या जातीच्या इतर ॲपमध्येही सापडतील. शिवाय, ॲपमधले उपचार शास्त्रशुद्ध आहेत की नाहीत हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मी एवढेच पाहिले, की काही दिवशी मी ते आपणहून उघडले, काही दिवशी ते समोर असूनही उघडवले नाही, आणि असे का झाले.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, हे थोडे वाचल्यावर कळले. अमित बौमेल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली मनःस्वास्थ्याच्या ९३ अँड्रॉइड ॲपच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी प्रसिद्ध केली होती. ॲप घेतलेल्यांपैकी पंधराव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे प्रमाण, मध्यक धरून, ३.९ टक्के निघाले आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के. शंभर जणांनी मोठ्या आशेने घेतलेल्या वस्तूकडे महिन्याभराने तीन-चार जण फिरकतात, असा त्याचा साधा अर्थ. हे वाचून मला आधी हायसे वाटले, कारण तोवर मी सगळा दोष स्वतःच्या आळसाकडे लावत होते.

आता नोंदणीविषयी. नाव, वय, ईमेल हे भरून झाल्यावर चौथ्या चौकटीत ॲपने माझा कर्मचारी क्रमांक मागितला. सदस्यत्व बँकेने भरले आहे, तेव्हा पडताळणीसाठी तो लागणार, हे समजण्यासारखे आहे. पण क्रमांक टाकल्याबरोबर पुढच्याच पानावर ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला…’ अशी प्रश्नावली सुरू झाली. ही ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची, २००१ साली प्रसिद्ध झालेली आणि जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे. झोप, भूक, थकवा, कशात मन न रमणे, स्वतःला दोष देणे अशा नऊ गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज जास्तीत जास्त २७ होते आणि दहा किंवा त्याहून जास्त आल्यास त्रास मध्यम किंवा त्याहून अधिक मानतात. कर्मचारी क्रमांक नुकताच टाइप केलेल्या बोटांनी मी सरसकट शून्य आणि एक टाकत गेले. माझी बेरीज चार आली. दीड महिन्याने, ज्या बाईंचा उल्लेख पुढे येणार आहे त्यांच्याबरोबर तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तेव्हा ती तेरा आली.

चार आणि तेरा यांत काय फरक पडतो? चार आल्यामुळे ॲपने मला ‘निरोगी सवयी’ या वर्गात टाकले आणि पाणी भरपूर पिण्यापासून कृतज्ञतेची वही लिहिण्यापर्यंत ज्या गोष्टी मला नको होत्या त्या तीन आठवडे पुढ्यात वाढल्या. गोपनीयतेचा विचार आपण बहुधा ‘माहिती बाहेर गेली तर’ असा करतो. इथे माहिती बाहेर जायच्या आधीच, ती जाईल या नुसत्या धास्तीने, मी खोटे उत्तर दिले होते आणि चुकीचा उपचार पदरात पाडून घेतला होता. ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या मोठ्या अमेरिकी कंपनीने ग्राहकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातीसाठी पुरवल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०२३ साली ठेवला आणि ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. आपल्याकडेही त्याच वर्षी वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. आमच्या ॲपमध्येही गोपनीयतेचे धोरण आहे. पण बाकी सगळे ॲप मराठीत असताना नेमके तेवढे एकच पान इंग्रजीत आहे आणि ते छापले तर पंधरा-सोळा कागद होतील. ‘तुमची उत्तरे तुमच्या बँकेला दिसणार नाहीत, बँकेला फक्त किती जणांनी नोंदणी केली हा आकडा कळतो’ हे वाक्य त्यात बाराव्या परिच्छेदात आहे. ते कर्मचारी क्रमांकाच्या चौकटीखाली मराठीत छापले असते, तर माझे तीन आठवडे वाचले असते.

मराठीचा विषय निघालाच आहे, तर तो नीट सांगते, कारण या परीक्षणाचे शीर्षक ॲपनेच दिले आहे. रोज ॲप उघडल्यावर पहिला प्रश्न येतो: ‘आज तुम्हाला किती खाली वाटत आहे?’ खाली एक ते दहा अशी पट्टी. पहिल्या दिवशी मला खरोखरच कळेना की हे कशाच्या खाली. मराठी माणसाला खाली वाटत नाही. त्याला उदास वाटते, त्याचे मन लागत नाही, त्याच्या पोटात गोळा येतो, जिवाची घालमेल होते, संध्याकाळी उगाच हुरहूर लागते. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याचा आहे. वडील गेल्यानंतरचे पहिले दोन महिने मी उदास होते. आता जे होते ती पहाटेची घालमेल आहे, आणि या दोहोंवर एकच औषध नाही. सगळे एकाच पट्टीवर मोजायला लावले, की माणूस रोज पाच हा आकडा दाबून मोकळा होतो. मी तेच केले.

ॲपमध्ये लेखी गप्पा मारणारा एक यंत्रमित्रही आहे. पहिल्या आठवड्यात मी त्याला लिहिले, ‘रात्री जिवाला चैन पडत नाही.’ त्याचे उत्तर आले, ‘स्वतःसाठी थोडी चैन करण्यात काहीच गैर नाही. आज तुम्ही स्वतःला कोणती भेट द्याल?’ मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. वडील गेल्यापासून असे हसू पहिल्यांदाच आले, त्यामुळे सेवा अगदीच वाया गेली असे म्हणत नाही. पण त्यानंतर मी त्या मित्राला मनातले काही लिहिले नाही. आपल्या बोलण्याचा अर्थ समोरच्याला कळत नाही हे एकदा दिसले, की माणूस हवापाण्याचे बोलू लागतो. सराव ऐकवणारा आवाज मात्र चांगला आहे. उच्चार स्वच्छ आहेत, घाई नाही. फक्त ‘आता श्वास सोडा’ हे तो रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात सांगतो.

आता जे खरोखर उपयोगी पडले त्याविषयी. झोपेचा विभाग हा या ॲपचा सर्वांत कसदार भाग आहे आणि केवळ त्यासाठी कोणी ते घेतले तरी मी नको म्हणणार नाही. त्यात उपदेश जवळजवळ नाही. रोज सकाळी पाच गोष्टी भरायच्या: अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळा जाग आली, किती वेळ जागे होता, कधी उठलात. दहा दिवसांनी त्यावरून तो आलेख काढतो. माझ्या आलेखात दिसले की मी रात्री साडेनऊलाच, झोप भरून काढायची म्हणून, अंथरुणावर पडत होते. साडेसात तास पडून राहत होते आणि पाच तासही झोपत नव्हते. ॲपने अंथरुणावरचा वेळ कमी करायला सांगितले, अकराच्या आत पडायचे नाही आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे. हे ऐकायला उलटे वाटते, पण निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराची ही मान्य पद्धत आहे. इंग्लंडमधल्या आरोग्यसेवेला उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने याच पद्धतीवर बेतलेल्या ‘स्लीपिओ’ या डिजिटल कार्यक्रमाची २०२२ साली झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून शिफारसही केली आहे. पहिला आठवडा जिकिरीचा गेला. काउंटरवर डोळे मिटत होते आणि एका ग्राहकाचे पासबुक मी दुसऱ्याच्या हातात दिले. तिसऱ्या आठवड्यापासून झोप सलग लागू लागली. पहाटेची जाग गेली नाही, पण रोजची होती ती आठवड्यातून दोनदा-तीनदा यायला लागली.

या विभागाकडे मी रोज का वळले, याचा विचार केल्यावर लक्षात येते की तिथे विचारलेले प्रश्न साधे होते, उत्तर अर्ध्या मिनिटात देता येत होते, आणि दिलेल्या उत्तराचे पुढे काहीतरी होत होते. भरलेल्या आकड्यातून मला माझ्याविषयी आधी माहीत नसलेली गोष्ट कळली. उलट त्या ‘खाली वाटण्याच्या’ पट्टीवर मी चौदा आठवडे आकडे दाबले आणि त्यातून एक रंगीत लाट तयार झाली, जी पाहून मी काय करायचे ते कोणी सांगितले नाही.

आणि मग तो विचारांच्या नोंदीचा प्रसंग. ॲपमध्ये एक तक्ता आहे: प्रसंग, त्या वेळचा विचार, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, त्याच्या विरुद्धचा पुरावा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी तो पहिल्यांदा खरेपणाने भरायला घेतला. प्रसंग: वडिलांचा शुक्रवारचा फोन. विचार: माझ्यामुळे उशीर झाला. बाजूचा पुरावा: ते म्हणाले होते, ‘छातीत जळजळतंय गं’, आणि मी म्हणाले होते, ‘पित्त असेल, गोळी घ्या, रविवारी येते.’ शनिवारी पहाटे ते गेले. विरुद्ध पुराव्याचा रकाना मी बराच वेळ रिकामा धरून बसले, काही सुचले नाही, तसाच सोडून ‘जतन करा’ दाबले. त्याबरोबर पडद्यावर वरून रंगीत कागदाचे तुकडे बरसले आणि अक्षरे आली: ‘शाब्बास! आजचे काम पूर्ण!’

मी फोन पालथा घातला आणि त्यानंतर अकरा दिवस ॲप उघडले नाही. बनवणाऱ्यांनी हे दुष्टपणाने केलेले नाही हे मला समजते. पावले मोजणाऱ्या, भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये जे चालते ते उचलून इथे लावले आहे. पण तिथे माणूस काम करून दमलेला असतो. इथे तो घाव उघडा करून बसलेला असतो. नोंद जतन झाल्यावर नुसते ‘नोंद ठेवली आहे’ एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

बाराव्या दिवशी मी परत आले ती ॲपमुळे नव्हे, माणसामुळे. आमच्या सदस्यत्वात मानसशास्त्रज्ञाबरोबरची चार सत्रे मोफत आहेत, हे परिपत्रकात नव्हते. ॲपच्या आतही ते तिसऱ्या थरात लपलेले आहे. मी चुकून त्यावर बोट दाबले असावे, कारण १४ ऑगस्टला ॲपच्या पेटीत एका बाईंचा निरोप आला. तो अजून माझ्याजवळ आहे. ‘नमस्कार ताई. तुम्ही नोंद पाहायची परवानगी दिलीत म्हणून वाचली. विरुद्ध पुराव्याचा रकाना रिकामा आहे, तो तसाच राहू दे. त्या शुक्रवारी फोन ठेवताना तुम्हाला काय काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, एवढंच पुढच्या गुरुवारपर्यंत लिहून ठेवाल का?’

तो आठवडाभर मी रोज ॲप उघडले. एक दिवस एकच ओळ लिहिली: ‘त्यांना तीन वर्षांपासून पित्ताचा त्रास होता, हे माहीत होते.’ दुसऱ्या दिवशी: ‘घाम येत होता, हे त्यांनी सांगितले नाही.’ नंतरच्या गुरुवारी अर्धा तास बोलणे झाले, आणि त्यातली पंधरा मिनिटे तरी त्या दोन ओळींवर गेली. ॲपमध्ये काहीही बदललेले नव्हते. तेच तक्ते, तोच स्टेशनवरचा आवाज. फक्त आता लिहिलेले वाचणारे कोणी होते आणि ते गुरुवारी वाचणार होते. बँकेत काम करणाऱ्याला हे नवीन नाही: तपासणीस येणार असला की व्हाउचर आपोआप तारखेवार लागतात. अर्थात तपासणीसाची धास्ती असते आणि या बाईंची नव्हती. डेव्हिड मोर हे संशोधक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०११ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता, की अशा साधनांना माणूस चिकटून राहतो तो ज्याच्यावर आपला विश्वास आहे, ज्याला आपले भले व्हावे असे वाटते आणि ज्याला विषयातले कळते, अशा कोणाला तरी आपण उत्तर देणे लागतो म्हणून. त्याला त्यांनी आधार देणारे उत्तरदायित्व अशा अर्थाचे नाव दिले आहे.

आपल्याकडे याचे एक वेगळे रूप पाहायला मिळते. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मनःस्वास्थ्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू केला आणि पुढे गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. त्यात स्मार्टफोन होता, त्यावर छोट्या चित्रफितीही होत्या, पण फोन गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हातात होता. ते ओटीवर शेजारी बसून चित्रफीत दाखवत आणि मग बोलत. आमच्या ॲपने हा क्रम उलटा केला आहे: आधी यंत्र, आणि माणूस हवाच असेल तर तीन थर खाली खणून काढा.

चार सत्रे संपली. पाचव्या सत्राला आठशे रुपये पडतात. रक्कम वाजवी आहे हे मान्य करूनही सांगते, की त्या गुरुवारनंतर माझे उघडणे पुन्हा विरळ झाले. ॲपमधले कॅलेंडरच साक्षीला आहे: मधल्या चार आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक चौकोन भरलेला, आणि नंतर पाऊस ओसरावा तसे एकेक.

तेवढ्यात ॲपने आपली दोन हत्यारे बाहेर काढली, सूचना आणि साखळी. सूचना रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी येते. त्या वेळी शाखेचा दरवाजा नुकताच उघडलेला असतो आणि माझ्यासमोर पेन्शनधारकांची रांग असते. वेळ बदलण्याची सोय आहे, पण सकाळी सात ते रात्री नऊ एवढ्यातच. माझी घालमेलीची वेळ पहाटे तीनची. त्याहून वाईट म्हणजे सूचनेचा मजकूर फोनला कुलूप असतानाही पडद्यावर दिसतो. गौरीच्या दिवशी सुट्टी होती, घरात पंचवीस माणसे, फोन ओट्यावर, आणि जाऊबाईंनी पुरणयंत्र उचलताना तो वाचला: ‘तुमची उदासी आज कशी आहे?’ त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन विचारले, ‘बरं आहे ना गं तुझं?’ तो प्रश्न त्यांनी मायेनेच विचारला. तरी माझे दुखणे कोणाला कधी सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार माझा होता, फोनचा नव्हता. मजकूर लपवण्याची खूण सेटिंगमध्ये आहे, हे मला नंतर मुलाने दाखवले. ती मुळातच लावलेली असायला हवी.

साखळीचे असे, की रोज उघडले तर दिवसांची साखळी वाढते. गुरुवारांच्या जोरावर माझी सव्वीस दिवसांची झाली होती. वडिलांच्या भरणी श्राद्धासाठी मी आजरा तालुक्यात माहेरी गेले, तिथे घराच्या मागच्या टेकाडावर गेल्याशिवाय रेंज येत नाही, आणि परत येताना एसटीत फोन जिवंत झाला तसा निरोप आला: ‘अरेरे! तुमची २६ दिवसांची साखळी तुटली. पुन्हा शून्यापासून सुरुवात करा!’ वडिलांचे श्राद्ध करून येणाऱ्या बाईला हे वाक्य कसे लागेल, हे यंत्राला कळणार नाही, कळावे अशी माझी अपेक्षाही नाही. पण आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसांसाठी जे ॲप आहे, त्यात चुकल्याची शिक्षा म्हणून शून्य दाखवण्याची योजना कोणाला तरी बैठकीत सुचली, आणि ती मंजूर झाली, याचे आश्चर्य वाटते.

वापरायचे कुठे, हाही एक प्रश्न आहे, ज्याचा विचार बनवणाऱ्यांच्या प्रशस्त खोल्यांत झालेला दिसत नाही. ॲप म्हणते, ‘एका शांत, सुरक्षित जागेत बसा.’ आमच्या तीन खोल्यांत सासूबाई, नवरा, बारावीचा मुलगा आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही आहे. ‘तोंडाने मोठ्याने श्वास सोडा’ हा सराव मी स्वयंपाकघरात केला तेव्हा सासूबाईंनी दम्याचा पंप आणू का म्हणून विचारले. शेवटी मला जागा मिळाली ती बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या खतावण्यांचे गठ्ठे, डांबराच्या गोळ्यांचा वास, एक पिवळा दिवा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे मी तिथे चार मोजत श्वास घेते आणि सहा मोजत सोडते. सराव आधी उतरवून ठेवता येतात आणि रेंजशिवाय चालतात, हा ॲपचा गुण इथे कामी आला. आमच्या शाखेतले शिपाईमामा मात्र एवढ्यापर्यंतही पोहोचले नाहीत. सदस्यत्व त्यांच्याही नावाने आहे. पण नोंदणीला ईमेल लागतो, त्यांना तो नाही, आणि त्यांचा फोन संध्याकाळी नातवाच्या हातात असतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकारांवरच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मनःस्वास्थ्य पाहणीनुसार, ज्यांना उपचारांची गरज आहे पण ते मिळत नाहीत अशांचे प्रमाण आपल्या देशात आजारागणिक ७० ते ९२ टक्के आहे. ॲपमुळे ही दरी भरेल असे परिपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात मोठ्या उत्साहाने लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र खोडी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ॲपच्या कोपऱ्यात ‘तातडीची मदत’ असे बटण आहे. ऑगस्टमध्ये सहज दाबून पाहिले तर तिथे ९८८ हा क्रमांक होता, जो अमेरिकेतला आहे आणि भारतातून काही उपयोगाचा नाही. मी लेखी तक्रार केली. ऑक्टोबरच्या सुधारित आवृत्तीत तिथे १४४१६ आला, याबद्दल कंपनीला पूर्ण गुण. हा आपल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस या, फोनवरून मनःस्वास्थ्याची मदत देणाऱ्या सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली, फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीसह वीस भाषांत बोलता येते. तिला ईमेल लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो. शिपाईमामांना मी तो क्रमांक कागदावर लिहून दिला आहे.

शेवटचा मुद्दा नोंदींच्या मालकीचा. माझ्या चौदा आठवड्यांच्या निद्रानोंदी, ते तक्ते, त्या दोन ओळी, सगळे ॲपच्या पोटात आहे आणि बाहेर काढून कागदावर छापण्याची सोय नाही. ‘वोबॉट’ हे या क्षेत्रातले गाजलेले संभाषणी ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. मोठे ॲप बंद होऊ शकते तर आमचेही होईल, किंवा पुढच्या वर्षी बँकच करार बदलेल. म्हणून दसऱ्यापासून मी झोपेची नोंद वहीत करते. रकाने ॲपचेच उचलले आहेत.

गुण द्यायचे तर झोपेच्या विभागाला दहापैकी आठ, माणसाशी गाठ घालून देण्याच्या सोयीला नऊ, ती लपवून ठेवण्याबद्दल त्यातले चार वजा. भाषेला तीन. साखळी आणि रंगीत कागदांना काही नाही. ज्यांचा त्रास मुख्यतः झोपेचा आहे आणि ज्यांना रोज अर्धे मिनिट काढता येईल त्यांनी जरूर घ्यावे, आणि घेतल्या दिवशीच ती चार सत्रे शोधून पहिली तारीख ठरवावी. ज्यांचा त्रास मोठा आहे त्यांनी ॲपच्या वाटेला न जाता सरळ डॉक्टर गाठावा.

गेल्या सोमवारी सदस्यत्वाच्या नूतनीकरणाआधीचा अभिप्राय-अर्ज शाखेत आला आहे. सूचनांच्या रकान्यात मी तीन ओळी लिहिल्या: चाराऐवजी आठ सत्रे द्यावीत, ती पहिल्या पानावर दाखवावीत, आणि बँकेला काय दिसते व काय दिसत नाही ते कर्मचारी क्रमांकाच्या चौकटीखाली मराठीत छापावे. अर्जावर नाव लिहिणे ऐच्छिक होते. मी लिहिले आणि अर्ज मुख्य कार्यालयाच्या टपालात टाकला.